मोफत वकील, निशाणी पाच आणि माझी काठवट : साडेतीन तारे

माझ्या हातगाडीवर लोक भाकरी खातात आणि घरी जाऊन मोबाइलवर तारे देतात. एकानं लिहिलं होतं, 'पिठलं छान, खर्डा जीवघेणा, बसायला जागा नाही.' तीन तारे. हातगाडीवर बसायला जागा कुठून आणायची? पण बोलला ते खोटं नव्हतं, म्हणून दोन प्लास्टिकचे स्टूल घेतले. तेव्हापासून वाटतं, आपणही ज्याच्याकडून काही घेतलं त्याच्याबद्दल लिहावं. या वेळी मी घेतला तो वकील. सरकारी, मोफत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसातून. गावाचं नाव घालत नाही. केस चालू आहे आणि मला रोज तिथंच गाडी लावायची आहे. मी सांगते आणि लेक टाइप करते. मधेमधे ती माझं मराठी सुधारते, मी ते परत बिघडवते.

सिव्हिल हॉस्पिटलच्या भिंतीला लागून अकरा वर्षं माझी गाडी आहे. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पिठलं, खर्डा, कांदा, साठ रुपये. खेड्यातून पेशंटबरोबर आलेली माणसं जेवतात. ज्याचं माणूस आत अत्यवस्थ आहे तो एकच भाकरी मागतो आणि तीही निम्मी टाकतो, हे मला आता लांबून ओळखू येतं. गेल्या जूनच्या पहिल्या मंगळवारी साडेदहाला अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. सहा माणसं. कागद नाही, नोटीस नाही, आदल्या दिवशी निरोप नाही. तवा तापलेला होता. उचलताना एका पोराचा हात भाजला, मीच त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तो 'सॉरी मावशी' म्हणाला आणि गाडी ट्रकमध्ये चढवली. हातगाडी, शेगडी, तवा, आठ किलो पीठ, दोन स्टूल आणि सासूबाईंची काठवट. यादी मागायची असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढचे तीन दिवस पालिकेत. दंड सांगितला, तोही प्रत्येक टेबलावर वेगळा. पावतीचं विचारलं की 'साहेब साइटवर आहेत'. आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याकडे गेले, त्यांनी चहा पाजला. चहा चांगला होता.

शुक्रवारी माझं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, कोर्टातला पट्टेवाला. म्हणाला, "मावशी, रडत काय बसलाय? कोर्टाच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर डावीकडं विधी सेवाचं ऑफिस आहे. वकील फुकट देतात." मी म्हटलं, फुकटचा वकील म्हणजे फुकटची भाजी, किडकी असणार. तो म्हणाला, "किडकी निघाली तर परत करता येते." हे वाक्य पुढं कामाला आलं.

ऑफिसबद्दल. खोली लहान, पंखा जोरात, भिंतीवर पोस्टर. टेबलावरच्या माणसानं नाव-गाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "उत्पन्नाचा दाखला आणा तहसीलमधून." तहसीलचा दाखला म्हणजे आणखी आठ दिवस. मी मान हलवून निघालेच होते. पण त्याच्या डोक्याच्या बरोब्बर मागं पोस्टर होतं, आणि मला सवय अशी की दिसेल ते वाचायचं, हॉस्पिटलच्या भिंतीजवळ अकरा वर्षं उभी राहून दुसरं काय करणार? पोस्टरवर मोफत वकील कुणाला मिळतो ते लिहिलेलं : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, पूर-भूकंपात सापडलेले, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले. आणि यात न बसणारा कुणीही, ज्याचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे. मी म्हटलं, "साहेब, बाईला दाखला लागतो असं इथं तर लिहिलेलं नाही." त्यानं मागं वळून वाचलं. माझी खात्री आहे, ते पोस्टर त्यानं पहिल्यांदाच वाचलं. पण माणूस वाईट नव्हता. हसला, अर्ज स्वतः भरून दिला, आधारची झेरॉक्स घेतली आणि एका कागदावर माझी सही. वीस मिनिटं. या वीस मिनिटांचा एक पूर्ण तारा.

(बायकांना ही अट का नाही ते नंतर वकील मॅडमनी सांगितलं. घरात उत्पन्न असलं तरी ते बाईच्या हातात असतंच असं नाही, हे कायदा करणाऱ्यांनी धरून चाललंय. कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या मागं संविधानातला ३९क हा अनुच्छेद आहे, की पैसे नाहीत म्हणून कुणी न्यायाविना राहू नये. तो अनुच्छेद घातला गेला १९७६ साली, ऐन आणीबाणीत, जेव्हा माणसं चौकशीविना तुरुंगात होती. हे ऐकून मला हसू आलं. मॅडमना आलं नाही.)

आता किडकी भाजी. सोमवारी मला पत्र मिळालं की अमुक वकील तुमच्या कामासाठी नेमले आहेत. मी फोन केला. उद्या या. उद्या गेले, ते दुसऱ्या कोर्टात. परवा गेले, ते गावाला. आठव्या दिवशी भेटले आणि म्हणाले, "फी सरकार देतं, पण टायपिंग-झेरॉक्सचे पंधराशे द्यावे लागतील." मी पर्समध्ये हात घातलाही होता. मग पोस्टर आठवलं. त्यावर 'मोफत' हा शब्द 'वकील' या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरात होता. म्हटलं, "ऑफिसात विचारून देते." त्यांचा चेहरा बदलला. "विचारा की," म्हणाले, आणि त्यानंतर फोन उचलायचे बंद झाले.

ऑफिसात सांगायला मला लाज वाटली. वकिलाविरुद्ध बोलायचं, तेही कोर्टात उभं राहून! दोन दिवस गेलेच नाही. शेवटी गेले, तर टेबलवाल्यानं मला थेट आतल्या केबिनमध्ये पाठवलं. तिथं बसतात ते सचिव म्हणजे खरेखुरे न्यायाधीशच असतात, हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर पाय कापले असते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : पैसे दिलेत का, आणि लेखी देता का. लेखी दिलं. वकील बदलला. त्या पहिल्या वकिलाचं पुढं काय झालं मला कळलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि हे चुकीचं आहे. तक्रार करणाऱ्याला निदान एक ओळ तरी कळवावी. पहिला वकील बघण्यात माझे सतरा दिवस गेले आणि ते गाडीविना गेले. घरून डबे करून हॉस्पिटलच्या गेटवर पिशवीतून विकत होते, चोरून विकल्यासारखं. याचा पूर्ण एक तारा कापला.

आता दुसऱ्या वकील, मॅडम. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं, काळा कोट खांद्यावर उसवलेला, बॅग फायलींनी फुगलेली. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकही कायदा सांगितला नाही. म्हणाल्या, "काकू, गाडीवर काय काय होतं, ते आठवून सांगा. एकही वस्तू सोडू नका." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. चमचे किती, विचारलं. पिठाच्या डब्याचं झाकण होतं का, विचारलं. मग विचारलं, "तुमच्याकडं फेरीवाल्याचा काही कागद?" होता. २०१९ ला पालिकेनं सर्व्हे केला होता, त्याची पावती मी देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागं ठेवली होती. आणि लॉकडाऊननंतर फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज काढलं होतं, ते फेडल्याचं बँकेचं पासबुक. ते पासबुक बघून मॅडम खुर्चीत सरळ बसल्या. "म्हणजे कर्ज द्यायला तुम्ही फेरीवाल्या आणि गाडी उचलायला अतिक्रमण?"

मग कायदा निघाला. तो इथं लिहिते, कारण आमच्या ओळीतल्या सोळा गाड्यांपैकी एकाही मालकाला तो माहीत नव्हता, आणि आम्ही सगळे मिळून दीडशे वर्षं तरी त्या रस्त्यावर उभे असू. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम. सर्व्हे पुरा होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणा पथविक्रेत्याला हटवता येत नाही. नंतरही हटवायचं किंवा दुसरीकडं न्यायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. सामान जप्त केलं तर जागेवर यादी करून, सही करून, तिची प्रत गाडीवाल्याला द्यायची. मागितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. शिवाय गावात एक नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान चाळीस टक्के लोक फेरीवाले असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मी म्हटलं, "मॅडम, दोन दिवस लिहिलंय आणि वीस झाले." त्या म्हणाल्या, "कलम स्वतः उठून पालिकेत जात नाही, काकू. ते आपण न्यायचं असतं." आणि त्याच संध्याकाळी नोटीस टाइप झाली, दीड पानाची. स्वतः टाइप केली. झेरॉक्सचे बारा रुपयेही त्यांनीच दिले.

चौथ्या दिवशी पालिकेतून फोन आला, गाडी घेऊन जा. दंड? "राहू द्या." ज्या टेबलावर मी तीन दिवस उभी होते त्याच टेबलावर मला खुर्ची मिळाली. दीड पान कागदानं!

गाडीचं एक चाक वाकलेलं, पीठ पावसात भिजून दगड झालेलं, स्टूल एकच. काठवट नव्हती. विचारलं तर "अशी काही वस्तू जमा नाही." यादीच केलेली नव्हती, मग जमा नाही हे कशावरून? पण गाडी मिळाल्याच्या आनंदात मी तेव्हा गप्प बसले. मॅडम बसल्या नाहीत.

पुढं खरं कोर्ट सुरू झालं, कारण गाडी दिली पण तोंडी निरोप दिला की त्या जागेवर लावलीत तर परत उचलू. मॅडमनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंत गाडीला हात लावू नका असा. दाव्यातल्या प्रत्येक कागदाला नंबर पडतो आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक निशाणी पाच असतो, म्हणून सगळे त्याला नुसतं 'निशाणी पाच' म्हणतात. बार रूममध्ये, चहाच्या टपरीवर, जिन्यात : "तुमच्या पाचचं काय झालं?" मला आधी वाटलं हा मजल्याचा नंबर आहे. कोर्ट फी मला भरावी लागली नाही. समोरच्यांनी त्यांचं 'म्हणणं' द्यायचं होतं. म्हणणं द्यायला त्यांनी तीन तारखा घेतल्या. इतकं काय म्हणायचं होतं देव जाणे. शेवटी दिलं ते एक पान : गाडीमुळे रुग्णवाहिकेला अडथळा होतो.

हे मला लागलं. रुग्णवाहिका अडली तर मी स्वतः तवा बाजूला टाकून गाडी ढकलीन, हे तिथल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. मॅडम म्हणाल्या, "चिडू नका, मोजा." आम्ही दोघी शिंप्याकडून टेप आणून भर दुपारी गेटपासून गाडीपर्यंत मोजत बसलो. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, दहा वेळा उचलून ठेवला. साधारण चौदा मीटर भरलं. वॉचमन बघत होता, त्यानं एक टोक धरलं. त्याचे फोटो कोर्टात लागले आणि फोटोत माझी चप्पल आलीय.

तारखांबद्दल लिहिलं पाहिजे. मोफत वकील म्हणजे सगळं मोफत, असं नाही. आतापर्यंत अकरा तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला दुपारची गिऱ्हाइकं गेली, म्हणजे आठ-नऊशे रुपये. अकरा वाजता जायचं, पुकारा कधी होईल सांगता येत नाही, बाहेर बाकावर जागा नाही, बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आणि त्याची कडी तुटलेली. एका तारखेला तर पुकारा झाला तेव्हा मी पाणी प्यायला गेले होते. यातलं काही विधी सेवाच्या हातात नाही, ठाऊक आहे. पण माझ्या गाडीवर भाकरी गरम मिळाली आणि रस्त्यावरची धूळ ताटात पडली, तर गिऱ्हाईक तारे मलाच कमी देतं. म्हणून अर्धा तारा इथं गेला.

पण त्या बाकावर मी जे ऐकलं ते मला शाळेत कुणी शिकवलं नाही. एका तारखेला न्यायाधीश अर्धा दिवस रजेवर, कामं दुपारनंतर, मॅडम डबा उघडून बसल्या आणि मी विचारलं, माझ्यासारखी बाई याआधी कुणी कोर्टात गेली होती का? त्यांनी ओल्गा टेलिसची गोष्ट सांगितली. जुलै १९८१, मुंबई, भर पावसाळा. मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या गावी पाठवायचं. ओल्गा टेलिस ही पत्रकार, स्वतः फुटपाथवर राहणारी नव्हे. ती आणि फुटपाथवरची माणसं कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयात इंदिरा जयसिंग यांच्यासारख्या वकिलांनी बाजू मांडली. पाच न्यायाधीशांपुढं चाललं, निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, पुण्याचे. १९८५ च्या जुलैत निकाल लागला : जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, कारण पोटाचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतलं.

मी म्हटलं, "मग जिंकले!"

मॅडमनी चपातीचा तुकडा मोडला. "नाही ना. त्याच निकालात असंही आहे की फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क कुणाला नाही, पालिका हटवू शकते. फक्त आधी नोटीस द्यायची, त्यांचं ऐकून घ्यायचं. आणि पावसाळा संपल्यावरही एक महिना, ऑक्टोबरअखेरपर्यंत, हात लावायचा नाही."

"म्हणजे हरले?"

"तेही नाही."

मला तेव्हा ते पटलं नाही. इतकं लढून मिळालं काय, तर 'विचारून हटवा'? घरी जाताना बसमध्ये मात्र तो मंगळवार आठवला. त्या सहा माणसांचा मला राग नव्हता, ट्रकचाही नव्हता. राग कशाचा होता तर मला कुणी काही विचारलंच नाही, याचा. रस्त्यात आडवी पडलेली फांदी उचलावी तशी उचलली. फांदीला विचारत नाहीत.

त्याच ऑफिसात फौजदारी कामाचं वेगळं टेबल आहे, 'लोकअभिरक्षक' म्हणतात त्यांना. ज्याला अटक झालीय आणि वकील परवडत नाही त्याच्यासाठी. तिथं एकदा एक आजी बसली होती, नातू रात्रीपासून पोलीस ठाण्यात. ती काही बोलेना, नुसती पदराला गाठी मारत होती. मी तिला माझ्या डब्यातली भाकरी दिली. तेवढ्यात टेबलावरच्या तरुण वकिलानं ठाण्यात फोन लावला, नाव विचारलं, कलम विचारलं, किती वाजता कोर्टापुढं आणणार ते विचारलं. आवाज चढवला नाही. आजीनं त्या फोनकडं असं पाहिलं जसं काही नातूच त्यात आहे. मागाहून मॅडमनी सांगितलं की यामागंही एक पत्रकार बाई आहेत, शीला बर्से. १९८२ च्या मे महिन्यात त्या मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून धरलं. फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश झाले : बायांना वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला पोलीस, अटक झाली की पोलिसांनी लगेच विधी सहाय्य समितीला कळवायचं. एका पत्रानं! मी पालिकेला तीन अर्ज दिले होते, त्यांची पोच अजून मिळायची आहे.

लोक अदालतीबद्दल माझं मत जरा तिखट आहे. सप्टेंबरात ऑफिसातून फोन आला की तुमचं प्रकरण लोक अदालतीत ठेवू, मिटून जाईल. गेले. मंडप, खुर्च्या, बिस्किटं, सगळं नीट. पालिकेकडून प्रस्ताव आला की जुन्या वखारीमागं जागा देतो. ती जागा हॉस्पिटलपासून दोन किलोमीटर, तिथं माणूस सोडा, कुत्रंही दुपारी फिरकत नाही. टेबलावरचे सगळे प्रेमानं सांगत होते, मावशी मिटवा, किती दिवस फेऱ्या मारणार? प्रेमानं सांगितलं की नाही म्हणायला जास्त जड जातं. मॅडमनी कानात एवढंच सांगितलं, इथं सही केली की अपील नाही, विचार करून करा. मी सही केली नाही. त्या दिवशी काहींचे चेहरे पडले, कारण मिटलेल्या प्रकरणांचा आकडा एकानं कमी झाला. ज्यांचं खरंच मिटण्यासारखं आहे, बँकेचं, अपघाताचं, भावाभावाचं, त्यांना लोक अदालत चांगली. शेजारच्या टेबलावर दोन भाऊ आठ वर्षांनी एकमेकांशी बोलताना मी पाहिले. पण मिटवणं आणि गप्प बसवणं यात फरक आहे, आणि तो बिस्किटाच्या बशीवरून कळत नाही.

ऑक्टोबरात पाचवर हुकूम झाला. न्यायाधीश मॅडमनी आमच्या वकील मॅडमना विचारलं, प्रमाणपत्र आहे का. नाही, कारण पालिकेनं दिलंच नाही, सर्व्हेची पावती आहे. मग पालिकेच्या वकिलांना विचारलं, नोटीस दिली होती का. ते म्हणाले, तोंडी सूचना दिली होती. न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. सगळं सात-आठ मिनिटांत. हुकूम असा की दाव्याचा निकाल लागेपर्यंत कायद्यानं घालून दिलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय वादीला त्या जागेवरून हटवू नये. वादी म्हणजे मी.

नीट वाचा, मी चार वेळा वाचलं. 'हटवू नये' नाही. 'प्रक्रिया पाळल्याशिवाय हटवू नये.' उद्या पालिकेनं सर्व्हे पुरा केला, समिती बसवली, तीस दिवसांची नोटीस दिली, माझं ऐकून घेतलं, तर मला कदाचित दुसरीकडं जावं लागेल. आमच्या ओळीतला वडेवाला म्हणतो, "मग काय उपयोग?" त्याला मी त्या हुकुमाची झेरॉक्स दिली. म्हटलं, बरणीमागं ठेव. डिसेंबरात अतिक्रमणची गाडी परत आली होती. त्यानं झेरॉक्स काढून दाखवली. त्यात नाव माझं, त्याचं नाही, म्हणजे कायद्यानं त्याला त्याचा काही उपयोग नाही. पण ट्रकमधून उतरलेल्या साहेबांनी ती शेवटपर्यंत वाचली, फोन केला आणि म्हणाले, "नोटीस काढू." अजून काढलेली नाही. आता आम्ही बाकीच्या पंधरा जणांचे अर्ज भरतोय. पाच बाया आहेत, त्यांना दाखला लागणार नाही, पोस्टरवर बोट ठेवून दाखवायचं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आधार आणि तुमच्याकडचा प्रत्येक चिटोरा न्या, जो फालतू वाटतो तोच कामाचा निघतो. घरून फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. नेमलेल्या वकिलानं पैसे मागितले तर देऊ नका, ऑफिसात लेखी द्या, लाज बाळगू नका. त्यांना मानधन ऑफिसकडून मिळतं. ते किती आणि किती महिन्यांनी, हे मी मॅडमना विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला. दिवाळीला मी त्यांना चिवड्याचा डबा द्यायला गेले, तर घेईनात. म्हणाल्या, केस चालू असताना पक्षकाराकडून काही घेत नाही. मी म्हटलं, मग साठ रुपये द्या आणि विकत घ्या. दिले.

साडेतीन तारे. तारखांचा अर्धा माफ करून चार देणार होते, काठवटीमुळे थांबले. ते विधी सेवाचं पाप नाही, कबूल, पण अजून मिळालेली नाही आणि मला दुसऱ्या काठवटीत पीठ मळलं की भाकरीची कड फाटते. पालिकेचं लेखी म्हणणं आहे की अशी वस्तू जप्त केलीच नव्हती. गेल्या तारखेला मॅडम म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्रात वर्णन द्यावं लागेल. दुसऱ्या कुणाच्या काठवटीला लागू पडणार नाही असं सांगा."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं : बाभळीची. हात-सव्वा हात रुंद. एका बाजूची कड चार बोटं उडालेली, ती सासूबाईंच्या हातून भूकंपाच्या रात्री पडली तेव्हाची. आतला तळ मधे खोलगट, तीन बायांच्या तळव्यांनी झिजलेला. खाली खिळ्यानं कोरलेलं 'ल', सासूबाईंना एवढंच एक अक्षर यायचं.